संगणकाच्या प्रक्रियावेगाचे मापन: आकडे कसे मिळवावेत आणि कसे वाचावेत

नवा संगणक घेताना, जुना बदलताना किंवा कार्यालयात कोणते यंत्र कोणत्या कामाला द्यायचे हे ठरवताना वेगाचा प्रश्न हमखास उपस्थित होतो आणि त्याचे उत्तर बहुधा एखाद्या आकड्यात दिले जाते: इतके गिगाहर्ट्झ, इतके कोअर, अमुक चाचणीत इतके गुण. हे आकडे खोटे नसतात. मात्र त्यांतील प्रत्येक आकडा यंत्राच्या एखाद्या मर्यादित गुणाचे माप असतो आणि वापरणाऱ्याचे रोजचे काम त्या एका गुणावर चालत नाही. वेग ही एकट्या यंत्राच्या अंगी असलेली राशी नसून यंत्र आणि काम यांच्यातील संबंध आहे, आणि म्हणूनच ठरावीक काम पूर्ण होण्यास लागलेला वेळ हेच संगणकाच्या वेगाचे मूळ माप ठरते. बाकीचे सर्व आकडे त्या मापाचे कमीअधिक विश्वसनीय पर्याय होत. हे पर्याय कशाचे माप देतात, त्यांच्यावर किती विसंबावे आणि स्वतःच्या कामाच्या आधारे विश्वसनीय मोजणी कशी करावी, याचे विवेचन पुढे केले आहे.

वेळ कशाकशाने ठरतो

प्रोसेसर कोणतेही काम अगदी लहान सूचनांच्या रूपात पार पाडतो. दोन संख्यांची बेरीज करणे, स्मृतीतून एक मूल्य आणणे, दोन मूल्यांची तुलना करून पुढचा मार्ग ठरवणे, अशा या सूचना असतात. प्रोसेसरमधील सर्व घडामोडी एका नियमित विद्युत्स्पंदाच्या तालावर चालतात; या तालाच्या एका फेरीला आवर्तन म्हणतात आणि सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांची संख्या हर्ट्झ या एककात सांगितली जाते. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 100 कोटी आवर्तने.

यावरून वेळेचे एक सरळ समीकरण मिळते. काम पूर्ण होण्यास लागणारा वेळ हा तीन राशींचा गुणाकार असतो: कामासाठी लागणाऱ्या सूचनांची एकूण संख्या, प्रत्येक सूचनेमागे सरासरी खर्च होणारी आवर्तने आणि एका आवर्तनाचा कालावधी. यांतील पहिली राशी प्रोग्राम, त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर आणि प्रोसेसरचा सूचनासंच यांवर अवलंबून असते, दुसरी प्रोसेसरच्या अंतर्गत रचनेवर व स्मृतीच्या वेगावर, तर तिसरी केवळ आवर्तनांच्या गतीवर. जाहिरातीत दिसणारे गिगाहर्ट्झ फक्त या तिसऱ्या राशीविषयी बोलतात आणि उरलेल्या दोन राशींविषयी त्यांतून काहीही कळत नाही.

या फरकाचे ठळक उदाहरण संगणकाच्या इतिहासातच सापडते. इंटेल कंपनीने नोव्हेंबर 2000 मध्ये पेंटियम 4 हा प्रोसेसर बाजारात आणला तेव्हा त्याची रचना आवर्तनांची गती वाढवता यावी याच हेतूने केलेली होती: एक सूचना पूर्ण करण्याची प्रक्रिया अनेक लहान टप्प्यांत विभागली होती, त्यामुळे प्रत्येक टप्पा लवकर संपत असे आणि गती वाढवणे शक्य होत असे. 2004 मधील आवृत्तीत हे टप्पे 31 पर्यंत गेले आणि गती 3.8 गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचली. पण प्रोग्रामचा पुढचा मार्ग कोणता असेल याचा प्रोसेसरने बांधलेला अंदाज चुकला की मधल्या टप्प्यांतील अर्धवट काम टाकून द्यावे लागे. शिवाय उष्णताही वाढत गेली. त्याच वर्षी 4 गिगाहर्ट्झच्या आवृत्तीची योजना रद्द झाली. 2006 मध्ये आलेले कोअर 2 ड्युओ प्रोसेसर याहून कितीतरी कमी गतीवर, तीन गिगाहर्ट्झच्याही आत, चालत असूनही बहुतेक कामांत पेंटियम 4 च्या पुढे गेले, कारण ते प्रत्येक आवर्तनात अधिक काम उरकत होते. यावरून व्यवहारात पाळण्याजोगा नियम असा निघतो की गिगाहर्ट्झची तुलना एकाच पिढीच्या आणि एकाच रचनेच्या प्रोसेसरांपुरतीच करावी. निरनिराळ्या कंपन्यांच्या किंवा पिढ्यांच्या प्रोसेसरांमध्ये ती करू नये.

याला आणखी एक कारण आहे. आधुनिक प्रोसेसर एका स्थिर गतीवर चालत नाही. काम कमी असताना तो गती उतरवतो, अचानक भार आला की काही काळ ती कमाल मर्यादेपर्यंत नेतो आणि तापमान वाढू लागले की पुन्हा खाली आणतो. खोक्यावर छापलेली कमाल गती ही साधारणतः एकदोन कोअरवर, थोड्या वेळापुरती आणि उत्तम थंडाव्यात मिळणारी गती असते. तोच प्रोसेसर एका जाड लॅपटॉपमध्ये आणि एका सडपातळ लॅपटॉपमध्ये बसवला, तर पहिल्या मिनिटाला दोन्ही सारखे भासतील, पण पंधराव्या मिनिटाला त्यांच्यात ठळक अंतर पडलेले असू शकते.

सूचनांची मोजदाद आणि आकडेमोडीची मोजदाद

गिगाहर्ट्झपेक्षा एक पाऊल पुढचे माप म्हणून एका सेकंदात किती दशलक्ष सूचना पूर्ण होतात हे मोजण्याची पद्धत रूढ झाली. तिला मिप्स म्हणतात. मात्र एका प्रोसेसरची एक सूचना दुसऱ्याच्या तीन सूचनांइतके काम करू शकते, त्यामुळे वेगळ्या सूचनासंचांची तुलना या मापाने होऊ शकत नाही. 1977 मध्ये आलेले व्हॅक्स-11/780 हे यंत्र अनेक वर्षे ‘एक मिप्स’चे प्रमाण मानले गेले, प्रत्यक्षात ते सेकंदाला सुमारे पाच लाखच सूचना पूर्ण करीत असे. राइनहोल्ड वाइकर यांनी 1984 मध्ये तयार केलेल्या ड्राइस्टोन या छोट्या चाचणी-प्रोग्रामच्या व्हॅक्सवर सेकंदाला 1757 फेऱ्या होत. नव्या यंत्रावरील अशा फेऱ्यांच्या संख्येला या आकड्याने भागून येणारे ‘ड्राइस्टोन मिप्स’ आजही लहान मायक्रोकंट्रोलरच्या माहितीपत्रकांत आढळतात. अशा चिपांच्या निवडीसाठी ते ढोबळ सूचक म्हणून पाहावेत, पण डेस्कटॉप संगणकाची निवड त्यांवरून करू नये.

शास्त्रीय गणनांसाठी फ्लॉप्स हे माप वापरतात. दशांशचिन्हाची जागा बदलू शकणाऱ्या, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट पद्धतीने साठवलेल्या संख्यांवर सेकंदाला किती क्रिया होतात, हे त्यातून कळते. येथे सैद्धांतिक कमाल आणि प्रत्यक्ष मिळालेला वेग यांतील भेद समजून घेणे अत्यावश्यक आहे. पुण्यात टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर 2007 च्या ‘टॉप 500’ या जागतिक सूचीत चौथ्या क्रमांकावर आला होता. त्यात 14,240 कोअर होते, प्रत्येकाची गती 3 गिगाहर्ट्झ होती आणि प्रत्येक कोअर एका आवर्तनात 4 क्रिया करू शकत असे. या तिन्हींचा गुणाकार केला की सेकंदाला सुमारे 170.9 लाख कोटी क्रिया, म्हणजे 170.9 टेराफ्लॉप्स ही सैद्धांतिक कमाल मिळते. सूचीत मात्र त्याच्या नावापुढे 117.9 टेराफ्लॉप्स हा प्रत्यक्ष मोजलेला वेग नोंदला गेला, म्हणजे कमाल क्षमतेच्या सुमारे 69 टक्के. हे मापन जॅक डोंगारा यांच्या लिनपॅक चाचणीने होते. तीत अनेक समीकरणांची एक मोठी प्रणाली सोडवली जाते आणि 1993 पासून ही सूची वर्षातून दोनदा त्याच आधारे प्रसिद्ध होते.

लिनपॅकसुद्धा सर्व कामांचे प्रतिनिधित्व करीत नाही, कारण तीत एकदा आणलेल्या संख्येवर पुष्कळ आकडेमोड होते आणि स्मृतीकडे तुलनेने कमी वेळा जावे लागते. हवामानाची प्रतिमाने किंवा अभियांत्रिकी विश्लेषणे यांत उलट स्थिती असते. अशा कामांशी जवळीक साधणारी एचपीसीजी ही चाचणी जपानमधील फुगाकू या महासंगणकावर घेतली असता त्याचा वेग सुमारे 16 पेटाफ्लॉप्स भरला, तर लिनपॅकमध्ये तोच संगणक 442 पेटाफ्लॉप्सपर्यंत गेला होता. यंत्र तेच आणि माप तेच असूनही केवळ काम बदलल्याने वेग सत्तावीस-अठ्ठावीस पटींनी बदलला, ही गोष्ट घरच्या संगणकाचे गुणांक वाचतानाही ध्यानात ठेवावी.

बेंचमार्क वाचण्याची रीत

वेगाच्या तुलनेसाठी सर्व यंत्रांवर सारख्याच रीतीने चालवलेल्या ठरावीक प्रोग्रामला किंवा प्रोग्रामसंचाला बेंचमार्क म्हणतात. या क्षेत्रात शिस्त आणण्याचे मोठे काम 1988 मध्ये स्थापन झालेल्या स्पेक या संस्थेने केले. तिच्या 2017 च्या संचात कंपायलर, चित्रफितीचे संपीडन, हवामानाचे प्रतिमान, बुद्धिबळाचा प्रोग्राम अशा प्रत्यक्ष वापरातील कामांवर आधारलेले 43 बेंचमार्क असून, प्रत्येकाला लागलेल्या वेळाची एका संदर्भयंत्राच्या वेळाशी तुलना केली जाते. एक काम किती लवकर संपते आणि अनेक प्रती एकदम चालवल्यास ठरावीक वेळात एकूण किती काम होते, हे दोन प्रश्न हा संच स्वतंत्रपणे मोजतो. पहिल्याला प्रतिसादवेळ आणि दुसऱ्याला थ्रूपुट म्हणतात. टेबलावरील संगणकाच्या वापरकर्त्याला पहिला प्रश्न महत्त्वाचा असतो, तर शेकडो जणांच्या विनंत्या एकाच वेळी हाताळणाऱ्या सर्व्हरसाठी दुसरा.

बेंचमार्क प्रसिद्ध झाला की त्याच्यावर नजर ठेवून यंत्रे आणि कंपायलर सजवले जाण्याचा धोका निर्माण होतो. स्पेकच्या 1989 च्या पहिल्या संचात मॅट्रिक्स-300 नावाचा गणिती प्रोग्राम होता. कंपायलरने त्यातील गणनाक्रमाची पुनर्रचना केली की त्याचा वेग कित्येक पटींनी वाढे, मग एकूण गुणांक वर जाई, पण इतर कामांना त्याचा लाभ होत नसे. म्हणून 1992 च्या संचातून तो वगळण्यात आला. 2013 मध्ये काही मोबाइल फोन ठरावीक चाचणी-ॲप चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरती प्रोसेसरची गती चढी ठेवत असल्याचे उघडकीस आले. यास्तव कोणत्याही एका गुणांकावर निर्णय सोपवू नये.

सामान्य वापरातील गीकबेंच, सिनेबेंच यांसारख्या चाचण्यांचे निष्कर्ष वाचताना पुढील बाबी तपासाव्यात. दोन्ही आकडे चाचणीच्या एकाच आवृत्तीचे आहेत की नाहीत हे प्रथम पाहावे, कारण आवृत्तीगणिक गुणांची मोजपट्टी बदलते. उदाहरणार्थ, गीकबेंचच्या सहाव्या आवृत्तीत इंटेलच्या कोअर आय7-12700 या प्रोसेसरला 2500 गुण मानून बाकीचे गुण ठरवलेले आहेत आणि पाचव्या आवृत्तीच्या गुणांशी त्यांची सांगड घालता येत नाही. दुसरे असे की एका कोअरचे आणि सर्व कोअरचे गुण वेगवेगळे पाहावेत. तिसरे म्हणजे चाचणीत नेमके कोणते काम होते हे जाणून घ्यावे. सिनेबेंच त्रिमितीय दृश्याचे चित्रण करते, त्यामुळे ॲनिमेशन करणाऱ्याला तिचा जेवढा उपयोग आहे तेवढा हिशेबनिसाला नाही.

स्वतःच्या कामाची मोजणी

सर्वांत भरवशाचा बेंचमार्क म्हणजे वापरणाऱ्याचे स्वतःचे काम. ते निवडताना तीन निकष लावावेत: ते रोजच्या वापरातले असावे, पुन्हा पुन्हा तंतोतंत तसेच करता यावे आणि एक ते दहा मिनिटे चालावे. जुन्या मराठी ग्रंथांचे अंकीकरण करणाऱ्या संस्थेने स्कॅन केलेली ठरावीक पन्नास पाने टेसरॅक्ट या मराठी ओळखणाऱ्या मुक्त प्रणालीतून मजकुरात रूपांतरित करावीत. चित्रफिती संपादित करणाऱ्याने एकच प्रकल्प त्याच मांडणीत निर्यात करावा. लेखापालाने वर्षाच्या नोंदींची मोठी स्प्रेडशीट पुन्हा गणून घ्यावी. प्रोग्रामरने आपला प्रकल्प मुळापासून कंपाइल करावा. मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवाव्यात, म्हणजे दोन वर्षांनी नवे यंत्र आले तरी तीच चाचणी त्यावर घेता येईल.

मोजणीपूर्वी परिस्थिती सारखी करून घ्यावी. लॅपटॉप चार्जरला जोडावा, कारण बॅटरीवर असताना अनेक यंत्रे गती मर्यादित ठेवतात. विद्युत्-वापराची मांडणी सर्व यंत्रांवर एकच ठेवावी. अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. संगणक सुरू केल्यानंतर पार्श्वभूमीतील अद्ययावतीकरण आणि व्हायरस-तपासणी संपेपर्यंत काही मिनिटे थांबावे. आणि खोलीच्या तापमानाचीही नोंद घ्यावी, कारण वैशाखातील दुपारी आणि पहाटे घेतलेल्या दीर्घ चाचण्यांत थंडाव्याच्या फरकाने तफावत पडू शकते.

वेळ मोजण्यासाठी विंडोजमध्ये पॉवरशेलची ‘मेझर-कमांड’ आणि लिनक्स व मॅकमध्ये ‘टाइम’ ही आज्ञा उपलब्ध आहे. ‘टाइम’ तीन आकडे देते. ‘रिअल’ म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत घड्याळात गेलेला वेळ, ‘यूजर’ म्हणजे प्रोसेसरने प्रोग्रामच्या सूचनांवर खर्च केलेला वेळ आणि ‘सिस’ म्हणजे त्या प्रोग्रामसाठी कार्यप्रणालीने वापरलेला वेळ. शेवटच्या दोहोंची बेरीज पहिल्याच्या जवळ असेल तर काम प्रामुख्याने एका कोअरवर चालले आणि प्रोसेसरच्या वेगावरच अवलंबून राहिले असे समजावे. बेरीज बरीच कमी असेल तर प्रोग्राम डिस्क किंवा नेटवर्कची वाट पाहत थांबला होता. आणि बेरीज जास्त असेल तर अनेक कोअर एकदम राबले. प्रोसेसरवर अधिक पैसे खर्च करावेत की नाही, याचा निर्णय कित्येकदा या एकाच निरीक्षणावरून होऊ शकतो.

चाचणी एकदाच घेऊन थांबू नये. पहिल्या वेळी फाइली डिस्कवरून वाचल्या जातात आणि नंतर त्या स्मृतीत तयार असतात, त्यामुळे पहिली फेरी वेगळी नोंदवून पुढच्या किमान पाच फेऱ्यांचा विचार करावा. समजा, त्या पाच फेऱ्यांत 41.8, 42.1, 42.0, 47.5 आणि 41.9 सेकंद लागले. त्यांची सरासरी 43.06 सेकंद येते, पण ती एका फेरीत आलेल्या व्यत्ययामुळे फुगलेली आहे. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला, म्हणजेच मध्यगा काढली, तर 42.0 सेकंद हे अधिक प्रातिनिधिक मूल्य मिळते. दोन यंत्रांतील फरक हा एकाच यंत्राच्या फेऱ्यांमधील फरकापेक्षा स्पष्टपणे मोठा असेल तरच तो खरा मानावा. दीर्घ कामे करणाऱ्यांनी याखेरीज तेच काम पंधरावीस मिनिटे सलग चालवून शेवटच्या फेऱ्यांचा वेळ सुरुवातीच्या फेऱ्यांशी ताडून पाहावा; तो वाढत गेला असेल तर यंत्र तापून मंदावत आहे.

अडथळा कुठे आहे

मोजणीचा खरा उपयोग कारण शोधण्यासाठी होतो. काम चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर 12 ते 13 टक्केच दिसला, तर प्रोसेसर रिकामा आहे असा समज होतो. मात्र आठ तार्किक प्रोसेसर असलेल्या यंत्रात एकच थ्रेड, म्हणजे सूचनांची एकच सलग मालिका, पूर्ण ताकदीने चालली की एकूण वापर आठव्या भागाइतकाच दिसतो. अशा कामाला अधिक कोअर देऊन काहीच साधत नाही. त्याला एका कोअरचा अधिक वेग हवा असतो. म्हणून एकूण आलेखाऐवजी प्रत्येक तार्किक प्रोसेसरचा आलेख पाहावा.

अनेक कोअरवर वाटता येणाऱ्या कामालाही मर्यादा असते आणि ती जीन ॲमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेल्या विचारातून काढता येते. समजा, एका कोअरवर 100 सेकंद चालणाऱ्या कामातील 60 सेकंदांचा भाग वाटून घेता येतो आणि 40 सेकंदांचा भाग क्रमानेच करावा लागतो. आठ कोअरवर वाटलेला भाग साडेसात सेकंदांत संपतो, एकूण वेळ 47.5 सेकंद होतो आणि वेग जेमतेम 2.1 पट वाढतो. कोअर कितीही वाढवले तरी तो अडीच पटीच्या पुढे जाऊ शकत नाही. तेच काम एक, दोन आणि चार कोअरवर चालवून पाहिले तर आपल्या कामाची ही मर्यादा खरेदीपूर्वीच कळते.

कित्येकदा अडथळा मुख्य स्मृतीत असतो. मुख्य स्मृतीतून एखादे मूल्य यायला प्रोसेसरची शेकडो आवर्तने जाऊ शकतात, आणि हा विलंब झाकण्यासाठीच प्रोसेसरमध्ये कॅश नावाची लहान व जलद स्मृती असते. स्मृतीचा एकच मॉड्यूल बसवलेल्या संगणकात डीडीआर4-3200 प्रकाराची कमाल वहनक्षमता सेकंदाला 25.6 गिगाबाइट असते, तर दोन मॉड्यूल दोन मार्गांवर बसवले की ती दुप्पट होते. मोठ्या विदासंचावर चालणारे काम अपेक्षेपेक्षा मंद असेल तर नवा प्रोसेसर घेण्याआधी ही जोडणी आणि स्मृतीची एकूण क्षमता तपासावी.

निष्कर्ष कसा मांडावा

वेगवाढ सांगताना जुन्या वेळाला नव्या वेळाने भागावे. 60 सेकंदांचे काम 45 सेकंदांत झाले तर वेळ 25 टक्क्यांनी घटला आणि वेग 33 टक्क्यांनी वाढला. ही दोन्ही विधाने बरोबर असली तरी कोणते केले आहे ते स्पष्ट लिहावे. अनेक कामांची गुणोत्तरे एकत्र करायची असल्यास साधी सरासरी दिशाभूल करते. समजा, पहिल्या कामाला एका यंत्रावर 10 आणि दुसऱ्यावर 20 सेकंद लागले, तर दुसऱ्या कामाला उलट 20 आणि 10 सेकंद. वेगाची गुणोत्तरे 0.5 आणि 2 येतात, त्यांची सरासरी 1.25 होते, आणि कोणत्याही यंत्राला आधार मानले तरी दुसरेच यंत्र 25 टक्क्यांनी वेगवान ठरते, हे उघडच विसंगत आहे. गुणोत्तरांचा गुणाकार करून त्याचे योग्य मूळ काढले, म्हणजे भूमितीय मध्य घेतला, तर उत्तर 1 येते आणि दोन्ही यंत्रे समान ठरतात. स्पेकचे गुणांकही याच पद्धतीने काढले जातात. मात्र एखादे काम दिवसाचा बहुतेक वेळ व्यापत असेल, तर प्रत्येक काम जितक्या वेळा होते तितक्या पटीने त्याचा वेळ धरून एकूण बेरीज करणे अधिक योग्य होय.

शेवटी प्रत्येक निष्कर्षासोबत यंत्राचे वर्णन, स्मृती, कार्यप्रणाली, प्रोग्रामची आवृत्ती, कामाचे नेमके स्वरूप, फेऱ्यांची संख्या, मध्यगा आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त वेळ यांची नोंद ठेवावी. अशी नोंद असेल तर दुसऱ्या कोणालाही ती पडताळता येते आणि विक्रेत्यासमोर, खरेदी समितीसमोर किंवा स्वतःच्या अंदाजपत्रकासमोर ती पुरावा म्हणून मांडता येते. ज्या विभागात मोजणीवरून असे दिसते की काम डिस्कसाठी किंवा स्मृतीसाठी अडून राहते, तेथे महागड्या प्रोसेसरचा खर्च वाचवून तो योग्य जागी वळवावा. आणि जेथे प्रोसेसरच खरोखर कमी पडतो, तेथे तो बदलण्याची मागणी आकड्यांच्या बळावर निःशंकपणे करावी.